संडासाचे टाके तुंबले असता

“मासिकाच्या पानावर संडासाची चर्चा! मास्तरांना दुसरा विषय सुचला नाही काय?” असे म्हणून काही वाचक नाक मुरडतील व काही भगिनी पान उलटून पाकक्रियांकडे वळतील, हे मी जाणून आहे. अडतीस वर्षे मुलांना संधी, समास व शब्दरूपे शिकविण्यात घालविलेल्या माणसाने असल्या विषयास हात घालावा, हे मलाही प्रथम विचित्रच वाटले. तथापि पतंजलींनी जे पाच नियम सांगितले त्यांत पहिले स्थान शौचास दिले आहे. संतोष, तप व स्वाध्याय ही सारी मंडळी त्याच्या मागून येतात. तेव्हा विषय हलका आहे असे म्हणण्याचे कारण नाही. शिवाय आमच्या घरी जो प्रसंग गुदरला त्यात एका माणसाचा जीव थोडक्यात बचावला, आणि तो गेला असता तर त्याचा दोष सर्वस्वी माझ्या माथी आला असता. म्हणून तो प्रसंग घडला तसा सांगणे, व त्यातून जे शिकलो ते वाचकांपुढे ठेवणे, हे मी माझे कर्तव्य समजतो.

अरुणावतीच्या काठी वसलेले आमचे आर्णी हे यवतमाळ जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. भोवतालची जमीन काळी, कपाशीची. गोष्ट २०२४ सालच्या भाद्रपदातली. श्रावण सरता सरता पावसाने असे झोडपले होते की, अंगणातील माती पाणी पिऊन तृप्त झाली होती. वरून ओतलेला तांब्याभर पाण्याचा थेंबही ती आत घेईना. आमच्याकडे उभ्या महालक्ष्म्या असतात. एरवी घरात आम्ही दोघेच. परंतु त्या तीन दिवसांसाठी पुण्याहून मुलगा, सून व नातवंडे, अमरावतीहून धाकटा भाऊ सहकुटुंब, आणि दोघी बहिणी आपापल्या परिवारासह, अशी लहानमोठी बावीस माणसे जमली होती. आवाहनाची सायंकाळ होती. दारापासून देवघरापर्यंत हळदीकुंकवाची पावले काढणे चालले होते, इतक्यात माझा नातू न्हाणीघरातून ओरडत आला, “आजोबा, मोरीतून पाणी वर येतंय, आणि वास मारतोय!”

पाहतो तो खरेच. संडासाचे भांडे काठोकाठ भरलेले, न्हाणीच्या मोरीतून काळे पाणी उसळून वर येत असलेले. अशा वेळी अडाणी मनुष्य जे करतो तेच मी केले. प्रथम दोन बादल्या पाणी जोराने ओतले. पाणी आणखी वर चढले. मग बाजारातून आणलेली ॲसिडची बाटली रिकामी केली. डोळ्यांस झिणझिण्या आल्या, याखेरीज काही झाले नाही. मग बांबूची काठी घेऊन खुपसाखुपशी केली. अखेर मुलाने मैला उपसणाऱ्या गाडीवाल्यास फोन केला. त्याने सांगितले की, गाडी दुसऱ्या गावी गेली आहे, उद्या दुपारपूर्वी येणे होणार नाही. उद्या म्हणजे महालक्ष्म्यांच्या जेवणाचा दिवस! सोळा भाज्या, पुरणावरणाचा स्वयंपाक, सवाष्णी, ब्राह्मण, आणि न्हाणीघराची ही अवस्था. सौभाग्यवतींच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले.

टाके कोठे आहे हेही कोणास नीट आठवेना. २०१३ साली घर बांधले तेव्हा ते मागच्या अंगणात केले होते. पुढे चार वर्षांनी अंगणात फरशी बसविली आणि झाकण त्याखाली गडप झाले. बांधकामाच्या वेळची एक जुनी छायाचित्रे मुलाच्या फोनमध्ये निघाली, त्यावरून जागा सापडली. शेजाऱ्यांनी एका मजुरास बोलावून आणले होते. त्याने फरशीचे चार तुकडे काढून झाकण उघडे केले. वर हातभर जाडीची घट्ट साय आलेली. अकरा वर्षांत एकदाही ते उपसले नव्हते!

तो मजूर माझाच जुना विद्यार्थी. सातवीपर्यंत माझ्या वर्गात होता, पुढे शाळा सुटली. नाव सांगत नाही. सदरा काढून तो म्हणाला, “गुर्जी, गाडीची कायले वाट पाहता? दोराले धरून उतरतो अंदर. घंटाभरात मोकळं करून देतो. पाचशे द्या, बस्स.”

वाचकहो, मी त्या वेळी ‘नको’ म्हणालो नाही, हे मला येथे कबूल केले पाहिजे. उलट मला देवच भेटल्यासारखे झाले. मी पाचशेची नोट आणावयास घरात गेलो आणि येताना जुना कंदील पेटवून आणला. आमचे आजोबा विहिरीत माणूस उतरविण्यापूर्वी पेटता कंदील खाली सोडून पाहत. तो विझला तर हवा वाईट, जळत राहिला तर चांगली. तेवढी खबरदारी घेतली की झाले, अशी माझी समजूत.

मागल्या दारात सून उभी होती. ती रसायनशास्त्राची पदवीधर. तिने विचारले, “बाबा, कंदील कशाला?” मी सांगितले. ती एकदम म्हणाली, “तो आधी विझवा. आणि त्या दादांना म्हणावं, दहा पावलं मागे या. टाक्यात कुणीही उतरायचं नाही.”

“काई होत नाई, वैनी,” तो हसून म्हणाला. “याच्या आंधी चार टाके उपसले म्या.”

“चार वेळा निभावलं म्हणून पाचव्यांदा निभावेलच असं नाही, दादा. उद्याचा स्वयंपाक आम्ही काकूंच्या घरी करू. पण तुम्ही आत जायचं नाही.”

घरात मी वडील माणूस; एरवी असल्या प्रसंगी सुनेने मध्ये बोललेले मला कदाचित रुचले नसते. परंतु तिच्या स्वरात अशी काही भीती होती की, मी कंदील फुंकला. नंतर तिने जे समजावून दिले ते ऐकून माझ्या अंगावर शहारे आले.

‘सेप्टिक’ हा शब्द मुळात ग्रीक भाषेतला. त्याचा अर्थ ‘कुजविणारे’. फ्रान्समधील वेसूल या गावच्या ज्याँ लुई मूरास या गृहस्थाने अशा बंद टाक्याचे पेटंट १८८१ साली घेतले, आणि पुढे १८९५-९६ च्या सुमारास इंग्लंडातील एक्झिटर शहरी डोनाल्ड कॅमेरॉन याने त्यात सुधारणा करून त्यास हे नाव दिले. टाक्यात मैल्याचा जड भाग तळाशी बसून गाळ होतो, तेलकट व हलका भाग वर तरंगून साय धरतो, आणि मधले निवळलेले पाणी दुसऱ्या तोंडाने शोषखड्ड्यात जाऊन जमिनीत मुरते. तळचा गाळ प्राणवायूवाचून जगणारे सूक्ष्म जंतू सावकाश कुजवितात. या कुजण्यातून मिथेन, कर्बद्विप्राणिद आणि हायड्रोजन सल्फाइड हे वायू निघतात. मिथेन ज्वालाग्राही आहे. म्हणून पेटता कंदील टाक्यात सोडणे म्हणजे स्फोटास आमंत्रण. हायड्रोजन सल्फाइड तर साक्षात काळ. प्रथम त्यास कुजक्या अंड्यासारखी दुर्गंधी येते. परंतु त्याचे प्रमाण हवेच्या दहा लाख भागांत शंभराच्या आसपास गेले की, नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. मनुष्यास वाटते, वास गेला, हवा सुटली. आणि त्याच वेळी तो सर्वाधिक धोक्यात असतो. प्रमाण आणखी वाढले तर दोनचार श्वासांत शुद्ध हरपते. शिवाय वरून शांत दिसणाऱ्या गाळात हा वायू कोंडलेला असतो. पावड्याने गाळ ढवळताच तो एकदम मोकळा होतो. म्हणजे कंदील जळत राहिला असता तरीही माझा विद्यार्थी आत मेला असता. विहिरीची परीक्षा टाक्यास लावणे हे माझे अज्ञान होते.

असे प्रकार दूरदेशी घडतात असे कोणी समजू नये. मराठवाड्यातील परभणी जिल्ह्यात, सोनपेठ तालुक्यातील भाऊचा तांडा येथे, ११ मे २०२३ रोजी रात्री टाके साफ करताना पाच मजूर गुदमरून मरण पावले. मुंबईत गोवंडी येथे २३ डिसेंबर २०१९ रोजी एका गृहनिर्माण संस्थेच्या टाक्यात तिघांचा अंत झाला, व त्यांच्या विधवांनी उच्च न्यायालयात दाद मागितली. अशा बहुतेक घटनांत एकच दुर्दैवी क्रम दिसून येतो. पहिला आत कोसळतो; दुसरा त्यास काढावयास उतरतो, तोही कोसळतो; मग तिसरा. ज्याच्या ठायी माया अधिक तोच आधी उडी घेतो आणि मरतो.

कायदाही या बाबतीत स्पष्ट आहे. हाताने मैला साफ करण्याच्या कामास प्रतिबंध करणारा जो अधिनियम २०१३ साली झाला, त्याच्या सातव्या कलमान्वये कोणाही व्यक्तीने, म्हणजे तुमच्या आमच्यासारख्या घरमालकानेही, माणसास धोकादायक रीतीने टाके साफ करावयास लावता कामा नये. पहिल्या गुन्ह्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. अशा मृत्यूबद्दल द्यावयाची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१४ च्या निकालात दहा लाख रुपये ठरविली होती, ती २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने तीस लाख केली. ‘तो स्वतःच तयार होता’ ही सबब चालत नाही. पाचशे रुपयांसाठी तयार होणाऱ्या माणसाच्या तयारीस संमती म्हणावे काय, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

आता त्या रात्री आम्ही काय केले, व अशा वेळी काय करावे, ते क्रमाने सांगतो.

सर्वांत पहिली गोष्ट म्हणजे घरातील पाणी बंद करणे. टाके तुंबले असता घरात ओतलेला प्रत्येक तांब्या शेवटी मोरीतूनच परत येणार. नळ बंद, कपडे धुण्याचे यंत्र बंद, गच्चीवरील टाकीची तोटी बंद. स्नाने, भांडी व धुणे यांचे पाणी त्या नळीत जाऊ देऊ नये. आम्ही त्या रात्री बावीस माणसांची तीन शेजाऱ्यांकडे वाटणी केली. संकोच वाटला, पण कोणी नाही म्हटले नाही.

दुसरी गोष्ट, बिघाड कोठे आहे ते ओळखणे. एकच संडास किंवा एकच मोरी तुंबली असेल व बाकीच्या वाहत असतील, तर अडथळा त्याच भांड्याच्या वाकनळीत आहे. त्यास रबरी दट्ट्या किंवा नळसाफीची तारेची स्प्रिंग पुरते. घरातील सर्वांत खालची मोरी व संडास एकदमच तुंबले, तर बिघाड मुख्य नळीत किंवा टाक्यात. मग घर व टाके यांच्यामधील तपासणीचे चेंबर उघडून पाहावे. ते कोरडे असेल तर अडथळा घराच्या बाजूस आहे. काठोकाठ भरलेले असेल तर पुढच्या नळीत, टाक्यात किंवा शोषखड्ड्यात. चेंबर उघडताना जवळ विडी, काडी, दिवा काही नको. वर वाकून तोंड आत घालू नये. आणि मुलाबाळांस व गुरांस दूर ठेवावे. झाकण उघडे टाकून क्षणभरही निघून जाऊ नये. अंधारात उघड्या टाक्यात पडून मूल दगावते, हे विसरू नये.

तिसरी गोष्ट, औषधे ओतू नयेत. ॲसिडने गाळाचा अडथळा निघत नाही. उलट टाक्यातील कामकरी जंतू मात्र मरतात. त्याहून भयंकर म्हणजे ॲसिड ओतलेल्या जागी ब्लीचिंग पावडर टाकणे. दोहोंच्या संयोगाने क्लोरीन वायू निघतो, आणि बंद न्हाणीघरात तो फुप्फुसे जाळतो. मी ॲसिड ओतल्यावर आमच्या बहिणीने निर्जंतुक करण्याच्या सद्हेतूने पावडरीचा डबा हातात घेतला होता. तोही सुनेनेच वेळीच काढून घेतला.

चौथी गोष्ट, घरात पाणी पसरले असेल तर त्या भागातील विजेचे बटण मुख्य पेटीतूनच बंद करावे, कोरड्या जागी उभे राहूनच. अनवाणी पायांनी व उघड्या हातांनी त्या पाण्यास स्पर्श करू नये. पटकी, विषमज्वर, कावीळ यांचे बीज त्यात असते. अन्नधान्यास ते पाणी लागले असल्यास मोह न धरता टाकून द्यावे.

पाचवी गोष्ट, उपसण्यासाठी यंत्राचीच गाडी बोलवावी. नगरपरिषदेत चौकशी करावी, आसपासच्या गावांतील गाडीवाल्यांचे क्रमांक आधीच लिहून ठेवावेत. गाडी येण्यास एक दिवस लागला तर एक दिवस गैरसोय सोसावी. उपसताना ती व्यक्ती नळी वरूनच आत सोडते की खाली उतरते, हे घरमालकाने उभे राहून पाहावे, आणि ‘गाळ घट्ट आहे, जरा उतरतो’ असे कोणी म्हणाल्यास साफ मनाई करावी. घट्ट गाळ बाहेरूनच पाणी मारून पातळ करता येतो. उपसलेला मैला ओढ्यात किंवा कोणाच्या शेतात सोडणार नाही ना, हेही विचारण्याचा आपणास अधिकार आहे.

आणि सहावी गोष्ट, जी सर्वांत कठीण. दुर्दैवाने कोणी आत पडलाच, तर त्याच्यामागून उतरू नये. ११२ किंवा १०८ या क्रमांकावर ताबडतोब फोन करून अग्निशमन दल व रुग्णवाहिका मागवावी, बाहेरूनच दोर किंवा शिडी सोडून त्यास ती धरता येते का पाहावे, आसपासची सर्व झाकणे उघडावीत. पोटचा मुलगा आत पडला असता बाहेर उभे राहणे हे वज्राचे काळीज करण्यासारखे आहे. पण एकाचे दोन होऊ नयेत यासाठी ते केलेच पाहिजे. घरातील सर्वांस ही गोष्ट शांतपणाच्या वेळी सांगून ठेवावी, कारण प्रसंगी सांगण्यास सवड नसते.

दुसरे दिवशी दुपारी दोन वाजता गाडी आली. आमची महालक्ष्म्यांची पंगत शेजारच्या काकूंच्या ओसरीवर बसली, आणि नैवेद्य आमच्या देवघरात दाखविला. गाडीने टाके उपसले तेव्हा एक नवीच गोष्ट ध्यानात आली. पाणी खाली जाताच शोषखड्ड्याच्या बाजूच्या नळीतून पाणी उलट टाक्यात येऊ लागले. म्हणजे केवळ टाके भरले होते असे नव्हे, तर शोषखड्डाही पाणी पिईनासा झाला होता. याचे कारण आमची काळी माती. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाची जी चिकणमाती असते ती ओली होताच फुगते व तिची छिद्रे मिटून जातात. उन्हाळ्यात याच मातीस हातहात भेगा पडतात, म्हणून खड्डा त्या दिवसांत उत्तम चालतो आणि घरमालक निश्चिंत राहतो. पावसाळ्यात तो दगा देतो. त्यात अकरा वर्षांचा गाळ टाक्यात साचून पाणी निवळण्यास जागा उरली नव्हती, आणि दोघांच्या घरात एकाएकी बावीस माणसांचे पाणी लोटले. न निवळलेला गाळ वाहून शोषखड्ड्याचे उरलेसुरले तोंडही बंद झाले. सणावारीच टाकी का तुंबतात याचे हेच उत्तर आहे.

यावर उपाय काय, तो त्याच विद्यार्थ्याच्या हातून पुढे दिवाळीनंतर करून घेतला. जुन्या खड्ड्याच्या बाजूस, उघड्या आकाशाखाली, अधिक रुंद व कमी खोल चर खणून त्यात मुरूम, गिट्टी व जाड वाळूचे थर दिले. स्नानाचे व भांड्यांचे पाणी टाक्यात न सोडता वेगळ्या नळीने परसातील कर्दळीच्या व केळीच्या वाफ्यांत नेले. त्यामुळे टाक्यावरील भार पुष्कळच हलका झाला. झाकणावर पुन्हा फरशी न बसविता कड्या लावलेले जड झाकण ठेवले, आणि टाके, चेंबर व शोषखड्डा यांचा नकाशा भिंतीपासूनच्या अंतरासह काढून स्वयंपाकघरातील कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूस चिकटविला. वायुनळीच्या तोंडास जाळी बसविली, म्हणजे डास उठत नाहीत.

नवे घर बांधणाऱ्यांसाठी भारतीय मानक संस्थेच्या संहितेतील दोनचार आकडे देतो. टाके निदान ७५ सेंटिमीटर रुंद, पाण्याच्या पातळीखाली निदान १ मीटर खोल, आणि निदान १००० लिटर पाणी मावेल एवढे असावे. लांबी रुंदीच्या दुप्पट ते चौपट. शोषखड्डा पिण्याच्या विहिरीपासून वा बोअरपासून निदान १८ मीटर, म्हणजे सुमारे साठ फूट, आणि राहत्या घरापासून निदान ६ मीटर दूर असावा. तुंबलेले पाणी अंगणात पसरले असेल आणि विहीर जवळ असेल, तर पाणी तपासून घेईपर्यंत उकळूनच प्यावे. न्हाणीघर प्रथम साबणाच्या पाण्याने धुऊन स्वच्छ पाण्याने खळबळावे, आणि ॲसिडचा लवलेश उरला नाही अशी खात्री झाल्यावर दहा लिटरच्या बादलीत सुमारे दीडशे ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर कालवून ते पाणी अर्धा तास जमिनीवर राहू द्यावे. दारेखिडक्या उघड्या असाव्यात.

आणि दर दोनतीन वर्षांनी, पावसाळ्यापूर्वी, टाके उपसून घ्यावे. पावसाळ्यात ते अगदी कोरडे करू नये, कारण बाहेरची ओली माती रित्या टाक्याच्या भिंतींस दाबते. थोडासा जुना गाळ तळाशी राहू द्यावा, म्हणजे दह्यास विरजण लागावे तसे जंतूंचे काम पुन्हा सुरू होते. सातारा जिल्ह्यातील वाई आणि नाशिक जिल्ह्यातील सिन्नर येथील नगरपरिषदांनी २०१८-१९ च्या सुमारास गावातील टाकी तीन वर्षांच्या पाळीने क्रमवार उपसण्याची पद्धत सुरू केली. तुंबण्याची वाट न पाहता, पाळी येताच गाडी दारात येते. असे गावोगाव झाले तर मध्यरात्री मजूर शोधण्याची पाळीच कोणावर येणार नाही.

शेवटी एक मनातली गोष्ट. लहानपणी मी आजोळी जाई तेव्हा तेथे टोपलीचा संडास होता. पहाटे मागच्या बोळातून एक बाई येई, डोक्यावर टोपली घेऊन जाई. आजीचे सोवळे फार कडक. पाण्याच्या हंड्यास कोणाची सावली पडलेली तिला खपत नसे. परंतु ते सोवळे त्या बाईच्या डोक्यावरील टोपलीवर उभे होते, हे आम्हां कोणाच्या कधी मनातही आले नाही. आमच्यांतल्याच एका थोर पुरुषाने हे पुरते ओळखले होते. रत्नागिरीच्या तुरुंगात असताना अप्पासाहेब पटवर्धनांनी सफाईचे काम आपणास करू द्यावे म्हणून १९३२ साली उपवास आरंभिला, आणि येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजींनी त्यांच्या सहानुभूतीसाठी अन्न वर्ज्य केले. आमच्या वऱ्हाडात गाडगे महाराजांनी हातात खराटा घेऊन गावेच्या गावे झाडली. मी वर्गात या दोघांच्याही गोष्टी मुलांस सांगत असे. आणि प्रसंग आला तेव्हा त्याच मुलांपैकी एकास टाक्यात उतरविण्यासाठी पाचशेची नोट हातात घेऊन उभा राहिलो!

टोपली गेली, टाके आले, एवढ्यावरून आपण सुधारलो असे मानू नये. टोपली डोक्यावर घेणारी बाई निदान संध्याकाळी घरी परत जाई.

त्या दिवशी पाचशेची नोट मी त्यास दिलीच. फरशी काढल्याबद्दल व दिवसभर गाडीवाल्यास बाहेरून मदत केल्याबद्दल. काकूंच्या ओसरीवर दुसऱ्या पंगतीस तो आमच्या मुलाशेजारी जेवला. पुरणपोळीवर तूप वाढताना सौभाग्यवती त्यास म्हणाल्या, “आता कुणी कितीही पैसे दिले तरी उतरू नकोस हो, बाळा.” तो म्हणाला, “नाई उतरत, माय. पन लोक ऐकत नाईत.”

लोक म्हणजे आपणच. तेव्हा वाचकांस माझी एवढीच विनंती की, आपल्या घरचे टाके कोठे आहे व ते शेवटी केव्हा उपसले, याची चौकशी येत्या रविवारीच करावी. आणि ते कधी तुंबलेच, तर घरातील एक दिवसाची गैरसोय आनंदाने सोसावी, पण त्यात मनुष्य उतरवू नये.